फिरवलेला पेपर

फेब्रुवारी आला की मला राग येतो. दुसऱ्यांना या दिवसांत काय काय सुचतं. कुणी माळावरचा पळस बघून थबकतं, कुणी आंब्याच्या मोहोराचं कौतुक करतं. आमच्या शाळेमागं चिंचेची जुनी झाडं आहेत आणि ती याच दिवसांत झोडतात. लांब काठीचा फांदीवर बसणारा आवाज, मग खाली अंथरलेल्या ताडपत्रीवर चिंचांचा सडा पडल्याचा आवाज, आणि खिडकीतून वर्गात शिरणारा तो आंबूस, धुळकट वास. तोंडाला पाणी सुटतं आणि त्याच वेळी कपाळाची शीर उडायला लागते. डॉक्टरनं बीपीची गोळी दिली आहे. ती वर्षभर लागू पडते, फेब्रुवारीत पडत नाही.

मी जामखेड तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत इंग्रजी शिकवते. माहेर नगरचं. हिच्या जिभेला हाड नाही, असं सासरचे पहिल्या दिवसापासून म्हणत आले, आणि खरं आहे ते. "मॅडम, तुम्ही फार मनावर घेता," असं स्टाफरूममध्ये मला कुणी ना कुणी सांगतच असतं. घेते. पगार शिकवण्याचा मिळतो, मनावर घेणं माझ्याकडून फुकट आहे.

परीक्षा जवळ आली की गावाची तऱ्हाच बदलते. झेरॉक्सवाला गाईडची पानं तळहाताएवढी बारीक करून विकतो आणि वर "ऑल द बेस्ट" म्हणतो. वर्षभर शाळेकडे न फिरकलेले बाप येऊन विचारतात, "यंदा सेंटर कसं आहे?" कसं म्हणजे कडक की ढिलं. पोरगं कसं आहे, हे कुणी विचारत नाही. पेपरच्या दिवशी कुंपणावर माणसं चढतात ती कुस्तीच्या फडाला चढावीत तशी. भरारी पथकाची गाडी फाट्यावर वळली की इकडे मोबाईल वाजतो, आणि गाडी शाळेत येईपर्यंत आतले सगळे साधुसंत होऊन बसलेले असतात. इतकी वर्षं मी हे बघते आहे आणि एकदाही मला त्याची सवय झाली नाही.

पण या सगळ्याचा राग मी कधीतरी विसरूनही जाते. एका पेपराचा राग विसरत नाही. तो पूनमचा पेपर.

पूनम माझ्याकडे दहावीला होती. खिडकीजवळचा बाक, तेलानं चप्प बसवलेल्या दोन वेण्या, आणि हिवाळा सरला की बोटांवर चिंचेचे काळपट डाग. तिचे वडील बबनराव गावोगावची चिंचेची झाडं उक्ती घ्यायचे, झोडून घ्यायचे आणि टेम्पोतून माल नगरला न्यायचे. घरातल्या बायका चिंच फोडायला बसत. पूनमही शाळा सुटल्यावर बसायची. वहीच्या पानांनाही तो वास यायचा.

दहावीच्या पेपरात एक छोटासा प्रश्न असतो. चुकलेलं वाक्य देतात आणि ते दुरुस्त करायला सांगतात. "त्या एवढ्याशा मार्कांसाठी कशाला डोकेफोड, मॅडम?" असं आमचेच लोक म्हणतात. मला तो प्रश्न सगळ्यांत आवडतो. बाकी पेपरभर पोरं दुसऱ्याचं पाठ केलेलं ओतत असतात. इथं वाक्य समोर उभं असतं, छापलेलं, रुबाबदार, आणि पोरानं त्याला सांगायचं असतं की तू चुकलंस. आमच्या पोरांना तर छापलेलं चुकू शकतं हेच आधी पटत नाही. मी फळ्यावर वाक्य लिहायची आणि विचारायची, बरोबर आहे का? सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, "बरोबर, मॅडम." मी म्हणायची, चूक आहे का? तितक्याच जोरात, "चूक, मॅडम." माझं डोकं फिरायचं.

त्या वर्षी, ज्वारीची काढणी तोंडावर आलेली असताना, मी फळ्यावर लिहिलं, 'माय फादर बाइज टॅमरिंड, ड्राइव्हज अ टेम्पो अँड टू सेल इट इन नगर.' वडील चिंच विकत घेतात, टेम्पो चालवतात आणि विकायला नगरमध्ये. मुद्दाम पूनमच्या घरचं वाक्य घेतलं होतं. वर्ग म्हणाला बरोबर. पूनम उठून उभी राहिली.

"मॅडम, शेवटच्याची पात मागं राह्यली."

वर्ग हसला. मी नाही हसले, कारण मला कळेना ती काय म्हणते. मग तिनंच सांगितलं. ज्वारी काढताना बायका ओळीनं उभ्या राहतात. प्रत्येकीच्या वाट्याला जो पट्टा येतो ती तिची पात. सगळ्यांनी बरोबरीनं पुढं सरकायचं. कुणी मागं राहिली की लांबून, बांधावरनं, कळतं. सगळं रान मोकळं आणि मधेच एक पट्टा उभा.

"हितं बाइज म्हनलं, ड्राइव्हज म्हनलं, मग सेल्स पाहिजे ना? ह्यो 'टू सेल' उभाच राह्यलाय मधी."

मी खडू खाली ठेवला. बी.एड.ला मला हे जाड पुस्तकातून शिकवलं होतं, त्याला भारदस्त नाव होतं आणि ते मला परीक्षेपुरतंच समजलं होतं. त्या दिवसापासून आमच्या वर्गात ते नाव कुणी घेतलं नाही. वाक्य चुकलं की पोरं म्हणायची, पात राहिली. मागच्या बाकावरचीसुद्धा म्हणायला लागली.

मग मी 'अ सॅक ऑफ टॅमरिंड्स आर हेवी' दिलं. चिंचांचं पोतं जड आहेत. अर्ध्या वर्गाला ते पटलं, कारण चिंचा पुष्कळ. पूनम म्हणाली, "उचलायचं पोतं हाय मॅडम, चिंचा न्हाईत. पोतं एकच हाय. इज पाहिजे." पोतं उचललेल्या पोरीला ते कळलं, यात नवल काहीच नाही. पण तिला ते कळलंय हे तिला ठाऊक होतं, ते मला फार आवडलं. ती उत्तर देऊन माझ्या तोंडाकडे बघायची नाही. खाली बसायची आणि पुढचं वाक्य बघायची.

तिला नगरला जायचं होतं अकरावीला. हॉस्टेलवर राहून शिकायचं आणि इंग्रजीची शिक्षिका व्हायचं, असं तिनं मला सांगितलं होतं. घरी चुलते तयार नव्हते. पोरीला एकटीला नगरला ठेवायचं म्हणजे काय, म्हणत होते. बबनराव मधल्या मधे अडकले होते. ते माणूस वाईट नाही, एवढं मी रागातही म्हणेन. शाळेच्या फाटकात टेम्पो उभा करून, भावांच्या देखत त्यांनी मला सांगितलं, "मॅडम, ही इंग्रजीत शाळंत पयली आली ना, तर नगरला धाडतो. कुनाचं ऐकत न्हाई. पन न्हाई आली, तर मग हे म्हनतील ते." चुलत्यांनीही माना डोलावल्या. मला वाटलं, झालं काम. इंग्रजीत तिच्या जवळपास कुणी नव्हतं.

इंग्रजीच्या पेपरला इंग्रजीच्या शिक्षकाला केंद्रावर थांबू देत नाहीत. नियम आहे. का, तर त्यानं पोरांना सांगू नये म्हणून. ही एवढी काळजी. मी घरी कांदा चिरत बसले होते आणि घड्याळ बघत होते. पेपर सुटल्यावर पूनम थेट माझ्या दारात आली. चप्पल काढली नाही, उंबऱ्यातच उभी राहिली.

"पत्र राह्यलं मॅडम. आनि निबंध निम्माच झाला."

माझा विश्वास बसेना. सराव परीक्षेत ही पोरगी वेळ उरवून बसायची. मी विचारलं, बरं वाटत नव्हतं का? प्रश्न अवघड आले का? ती मान हलवत राहिली. मग हळूहळू बोलली. व्याकरण तिनं आधी सोडवलं होतं, धडे-कवितांचं झालं होतं. पत्राला हात घालणार तेवढ्यात केंद्रावरचे एक सर वर्गात आले. सरळ तिच्या बाकाशी आले आणि म्हणाले, आण इकडं, तुझं झालंय. पेपर उचलला आणि मागच्या बाकावर दिला. तिथून तो त्याच्या मागं गेला, मग पलीकडच्या ओळीत. आख्ख्या हॉलमधून फिरून पेपर तिच्या हातात परत आला तेव्हा वेळ संपत आली होती.

"तोपर्यंत तू काय करत होतीस?"

"बसले हुते."

"सांगायचं नाही का, माझं व्हायचंय म्हणून?"

"सरांना कसं न्हाई म्हनायचं, मॅडम?"

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. छापलेल्या वाक्याला तू चुकलंस म्हणणारी पोरगी. तिला समोरच्या माणसाला एवढं साधं मराठी वाक्य बोलता आलं नाही. येणार कसं? ते कुणाच्याच घरात, कुणाच्याच शाळेत मुलींना बोलू देत नाहीत. सरांपुढं मान खाली, चुलत्यांपुढं मान खाली, आणि मग आम्ही भाषणात सांगणार, मुलींनो, आत्मविश्वास बाळगा.

मी तशीच उठले आणि त्या सरांना गाठलं. स्टँडवर रसवंतीत बसले होते. मी मोठ्यानं बोलले, चार माणसं जमली, मला त्याचं काही वाटलं नाही. त्यांना तर त्याहून वाटलं नाही. उसाच्या रसाचा ग्लास खाली ठेवून ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, एवढं काय झालं? तिचं काय गेलं? विद्या दिल्यानं वाढते." आणि जमलेली माणसं हो हो करायला लागली. किती पोरांचं कल्याण झालं, पोरीनं पुण्य कमावलं, असं एक जण म्हणाला. चांगल्या म्हणीचा असा मुडदा पाडलेला मी आयुष्यात बघितला नाही. जो देतो त्यानं ते म्हणायचं असतं. ओरबाडणाऱ्यानं म्हणायचं नसतं.

तक्रार करणार होते. कागद पुढ्यात घेऊन बसले होते. पूनमची आई आली, पदराला हात पुसत दाराशीच बसली. "करू नका मॅडम," म्हणाली. "सेंटरची चौकशी लागली तर सगळ्यांचाच निकाल अडकंल. त्यात आमची बी हाय की." खरं होतं ते. लबाडांनी जाळं असं विणलेलं असतं की ते फाडायला गेलं तर आधी त्यांनी लुटलेलं माणूसच पडतं. मी कागद बाजूला ठेवला. तो राग तेव्हा कुठं ठेवायचा होता, मला कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

निकाल लागला. शाळेत इंग्रजीत पहिला आला कृषी सेवा केंद्रवाल्यांचा मुलगा, पूनमच्या मागच्याच बाकावरचा. व्याकरण तिचं आणि पत्र-निबंध पाठ केलेला, त्याला वेळही भरपूर मिळाला. पूनम दुसरी. शाळेच्या फाटकावर त्याचा फ्लेक्स लागला, काळा चष्मा घातलेला.

बबनराव माझ्याकडे पेढे घेऊन आले. चेहरा फुललेला. "मॅडम, तुमच्या हाताखालची पोरगी. आख्खा हॉल आमच्या पूनमच्या पेपरावर निघाला, गावात सगळी म्हनत्यात."

मी म्हटलं, "मग नगरचं कधी करताय?"

ते खाली बघायला लागले. "ती पयली न्हाई आली ना, मॅडम."

"अहो, तुम्हीच आत्ता म्हणालात, सगळे तिच्या पेपरावर निघाले. मग पहिली कोण आली?"

"ते खरं हाय. पन भावांच्या म्होरं बोललोय. मार्क तर दिसत्यातच की कागदावर. आता म्या कोन्च्या तोंडानं बोलू?"

एका हातात पेढे आणि तोंडात हे. दोन्ही वाक्यं त्यांनी एकामागून एक म्हटली आणि त्यांना त्यात काहीच विसंगत दिसलं नाही. मी पुष्कळ बोलले. बोलू नये तेही बोलले. भावांना घेऊन या, मी त्यांच्याशी बोलते, म्हणाले. ते गुळमुळीत हो म्हणून गेले आणि आले नाहीत. पेढे मी कामवाल्या मावशींना दिले. माझ्या घशाखाली ते उतरले नसते.

पुढच्या वर्षी पूनमचं लग्न झालं, शेजारच्या गावात. मला पत्रिका आली, मी गेले नाही. लोक म्हणाले, मॅडमना गर्व आहे. म्हणू देत. तिथं जाऊन मी त्या चुलत्यांच्या हातून आहेराचा नारळ घेणार होते की काय.

त्यानंतर दर फेब्रुवारीत चिंचा झोडायला लागल्या की मला ती उंबऱ्यात दिसते, चप्पल न काढता उभी. फळ्यावर चुकीचं वाक्य लिहिते, पोरं बरोबर म्हणतात, मी चिडते. नवी पोरं पात म्हणत नाहीत. ज्वारी आता यंत्रानं काढतात, मी समजावून सांगितलं तरी त्यांच्या डोळ्यापुढं काही येत नाही. मी सांगायचं सोडून दिलं होतं.

यंदा मार्चमध्ये सुपरव्हिजनला मला नेमकं पूनमच्या सासरचं गाव मिळालं. भूगोलाचा पेपर होता. ऊन चढलेलं, पत्रा तापलेला, आणि इथंही कुठंतरी जवळच चिंच झोडणं चाललेलं. मी पेपर वाटले, घंटा झाली, आणि मी वर्गावरून नजर फिरवली. मुलींच्या दोन ओळी चमत्कारिक बसल्या होत्या. सगळ्यांचं डावं कोपर बाकावर आडवं टाकलेलं, पेपर त्याच्या आत, आणि डोकी त्याच्यावर झुकलेली. मला वाटलं, चिठ्ठ्या आहेत. मी फिरून, वाकून बघितलं. चिठ्ठी एकीकडेही नव्हती. नुसत्या लिहीत होत्या.

निम्मा वेळ होऊन गेला असेल. केंद्रावरचे एक तरुण सर आत आले. "पाण्याचं बघतो जरा," असं मला म्हणाले आणि पाण्याचं न बघता सरळ पहिल्या बाकावरच्या मुलीकडे गेले. साक्षी नाव होतं तिचं, हॉल तिकिटावर मी वाचलं होतं. त्यांनी हात पुढं केला. तसाच हात असणार तो तेव्हाचाही.

साक्षीनं कोपर हलवलं नाही. मान वर केली आणि म्हणाली, "माझं व्हायचंय, सर."

"झालेलं दिसतंय की."

"व्हायचंय, सर." आवाज कापत होता, पण शेवटपर्यंत पोचला.

त्यांनी हसून तिच्या मागच्या बाकाकडे बघितलं. त्या मुलीनं मान वरसुद्धा केली नाही. खाली बघूनच म्हणाली, "माझं बी व्हायचंय."

तोवर मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले होते. "ऐकू आलं ना तुम्हाला?"

"मॅडम, तुम्ही उगाच मनावर..." त्यांनी आवाज मऊ केला. "मागं दोन-चार गरीब पोरं आहेत. विद्या दिल्यानं वाढते."

"मग तुमची द्या," मी म्हणाले. "वर्षभर होता ना तुम्ही इथंच?"

ते गेले. पाण्याची कळशी दाराशीच राहिली, ती मीच आत आणली.

पेपर सुटल्यावर मी साक्षीला फाटकाजवळ थांबवलं. विचारलं, हे कोपर टाकायचं कुणी शिकवलं?

"पूनमताईनं. आमी तिच्या वट्यावर इंग्रजीला बसतो संध्याकाळी. आधी कोपर, मग पेन, म्हनती ती."

"आणि ते व्हायचंय म्हणायचं?"

ती लाजली. "त्याची बी प्रॅक्टिस घेतली. ताई सर व्हायची आनि वही उचलायला यायची. पहिल्यांदा कुनालाच म्हनता यायचं न्हाई. आमी हसायचो नुसत्या. मग ताई लई चिडली. म्हनली, हसू नका, पुन्हा म्हना. मोठ्यानं म्हना."

ती चिडली हे ऐकून मला किती बरं वाटलं, ते सांगता येणार नाही. माझ्यासारखी चिडणारी या तालुक्यात आणखी एक आहे तर. आणि लगेच पुन्हा राग आला, कारण पंधरा-सोळा वर्षांच्या पोरींनी संध्याकाळी ओट्यावर बसून स्वतःचा कागद सोडू नये याची तालीम करायची, हे कुठल्या अभ्यासक्रमात बसतं? राखण करावी तशी त्या पेपर लिहितात. दोन्ही हात मोकळे ठेवून लिहिलं असतं तर त्यांनी आणखी काय काय लिहिलं असतं.

"पात राहिली, म्हणते का ग ती अजून?"

"व्हय. तुमाला कसं म्हाईत?"

मी सांगितलं नाही. पलीकडे ताडपत्री ओढून चिंचा गोळा करणं चाललं होतं, बायका एकमेकींना हाका मारत होत्या. मी विचारलं, पूनम घरी भेटेल का आत्ता. साक्षी म्हणाली, ताई मालकांबरोबर श्रीगोंद्याला गेलीय, उद्या येईल. मग काहीतरी आठवून परत वळली.

"ती बारावीला बसलीय यंदा, मॅडम. बाहेरून. मागच्या म्हैन्यात इंग्रजीचा पेपर झाला तिचा."

"कसा गेला? काही म्हणाली?"

"मार्कांचं काय न्हाई बोलली." साक्षीनं पॅड एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "पुरा लिवला, म्हनली."